बाबांना त्यांच्या दिव्याबद्दल विचारणाऱ्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. निघताना तुम्हीच म्हणालात, याचा गाजावाजा नको. पण आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही. पत्र मराठीत आहे, कारण ते आधी बाबांना वाचून दाखवायचं आहे. तुम्हाला माझी लेक इंग्रजीत करून पाठवेल. आणि ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यांनी आम्हाला नाही म्हटलं त्यांच्याबद्दल मी चार लोकांत भरपूर बोलले आहे. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्याबद्दलही तेवढ्याच मोठ्याने बोलायला हवं.

तुम्हाला बाबांनी सांगितलंच, पण इथे वाचणाऱ्यांसाठी सांगते. माझे वडील दीपगृहावर नोकरीला होते. अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात खांदेरीचं बेट आहे. 1679 साली इंग्रजांच्या आरमाराशी झुंजत शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधून घेतला, आणि 1867 पासून तिथे दीपगृह आहे. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की बाबा तिकडे अडकायचे आणि आम्ही इकडे. आई रात्री ओटीवरून दिवा बघायची आणि म्हणायची, ‘लागला. म्हणजे बरे आहेत.’ मग ती आत जाऊन आमची पानं घ्यायची.

त्या नोकरीत एका जुन्या साहेबांनी बाबांना मकल फ्लगाची हकिगत सांगितली होती. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड, शेटलंडच्या उत्तर टोकाला अन्स्ट बेट, आणि त्याच्याही पुढे, हर्मनेसच्या कड्यांपलीकडे समुद्रात उभा असलेला तो खडक. 1854 मध्ये क्रिमियाच्या युद्धाच्या काळात आरमाराच्या जहाजांसाठी तिथे घाईघाईने तात्पुरता दिवा उभा केला. त्याच हिवाळ्यात लाटा सुमारे 200 फूट चढून वर आल्या आणि दार फोडून आत घुसल्या. मग डेव्हिड आणि थॉमस स्टीव्हन्सन या भावांनी तिथे पक्का मनोरा बांधला आणि 1858 च्या 1 जानेवारीला तो लागला. खांदेरीवर वादळ झालं की बाबा आम्हाला हेच ऐकवायचे. तिकडची माणसं तेवढ्यात तगली, आपलं काय घेऊन बसलात.

लेक ॲबर्डीनला शिकायला गेली तेव्हा बाबा इतकंच म्हणाले, ‘जमलं तर तो दिवा बघू.’ आयुष्यात स्वतःसाठी काही न मागितलेला माणूस. मी सहलवाल्यांकडे गेले, बाबांना सोबत घेऊन गेले. समोरच्या माणसाने बाबांच्या देखत मला विचारलं, ‘एवढ्या वयाच्या माणसाला तिकडे नेऊन दाखवणार काय? पॅरिस करा, स्वित्झर्लंड करा, व्हीलचेअर मिळते.’ बाबा बाजूच्याच खुर्चीत बसले होते, पण त्याने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. जिना उतरताना बाबा म्हणाले, ‘राहू दे गं.’ त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जाईल असं वाटतही नाही.

मग आम्ही आमचे आम्हीच निघालो. ॲबर्डीनहून रात्रीचं जहाज, लर्विक, पुढे दोन फेरीबोटी, मधे येल बेट. बेलमाँटच्या धक्क्यावर उतरलो तर कबूल झालेला गाडीवाला नाही. फोनवर म्हणाला, वय कळल्यावर मला वाटलं तुम्ही बेत रद्दच केला असणार. म्हणजे इथेही तेच. धक्क्यावर वारा असा की बाबांची कानटोपी मी हाताने धरून उभी होते. त्याच बोटीतून तुमची गाडी उतरली. तुम्ही पुढे गेलात, थांबलात, गाडी मागे घेतलीत.

पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे. मागच्या सीटवरची मेंढ्यांच्या खाद्याची पोती तुम्ही डिकीत टाकलीत, तुमचं दुपारचं काम सोडलंत, आणि बराफर्थपासून कड्यापर्यंतची ती वाट आमच्याबरोबर चाललात. पैशाचं नाव काढू दिलं नाहीत. याबद्दल आभार मानावेत तितके थोडे. पण मला लिहायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

त्या ओल्या माळावर, लाकडी फळ्यांच्या वाटेवर बाबा पहिल्यांदा बसले तेव्हा मी आणि लेक दोघी त्यांच्यावर धावलो. पाणी हवं का, गोळी घेतली का, गुडघा दुखतोय का, परत फिरायचं का. तुम्ही यातलं काही विचारलं नाहीत. तुम्ही त्यांच्या शेजारी फळीवर बसलात, बूट गवतात सोडलेत आणि विचारलंत, ‘तुमचा दिवा कसा लागायचा?’

बाबांनी तुमच्याकडे बघितलं. मग पाठ ताठ केली, काठी हातात घेतली आणि फळीवर तिचं टोक आपटून खांदेरीच्या दिव्याची उघडझाप करून दाखवली. मधला काळोखाचा वेळ मनात मोजत, अगदी नेमका. पुन्हा एकदा. तुम्ही ऐकलंत, मान हलवलीत, आणि तुमच्या बोटांनी त्याच फळीवर मकल फ्लगा वाजवलात. दोन झोत, मग थांबणं. दर 20 सेकंदांनी तेच. तुम्ही म्हणालात, लहानपणापासून तो पाठ आहे, तुमचे काका किपर लोकांना होडीतून तिकडे नेत-आणत असत. बाबा ओठ हलवत सेकंद मोजत होते. जूनमध्ये तुमच्याकडे रात्र काळी होतच नाही, आणि आम्ही तर भर दिवसा गेलो होतो. दिव्याचा झोत आम्हाला दिसणारच नव्हता. बाबांनी मकल फ्लगाचा दिवा पाहिला तो त्या फळीवर.

निवृत्त झाल्यापासून बाबांना सगळे तब्येत विचारतात. साखर किती, झोप लागते का, जेवण जातं का. विचारणारी माणसं चांगली आहेत, मायेची आहेत. पण माणूस म्हातारा झाला की त्याच्या शरीरापलीकडचं विचारणं हळूहळू बंद होतं, आणि मग तोही सांगणं बंद करतो. तुम्ही बाबांशी एका दिवेवाल्याशी बोलावं तसे बोललात. ते त्यानंतर कड्यापर्यंत ज्या पावलांनी चालले ती पावलं मी खूप दिवसांनी पाहिली. बाबांचं इंग्रजी लॉगबुकातलं आहे, वारा, दृश्यमानता, समुद्राची स्थिती. तेवढ्यावर तुम्हा दोघांचं सगळं भागलं. लेक दुभाष्याचं काम करायला पुढे झाली तर बाबांनीच तिला हाताने मागे सारलं.

मधे त्या बॉन्क्सी, तुमच्याकडचे ते मोठे समुद्रपक्षी, डोक्यावर झेपावू लागल्या तेव्हा तुम्ही काठी उंच धरायला शिकवलंत, म्हणजे पक्षी काठीच्या टोकाकडे जातो आणि डोकं वाचतं. तेव्हाच तुम्ही सांगितलंत की 1831 साली या टेकडीवर त्यांच्या तीनच जोड्या उरल्या होत्या आणि बेटावरच्या डॉ. लॉरेन्स एडमंडस्टन यांनी त्यांना राखलं. त्या तिनांच्या पुढे शेकडो झाल्या. आणि आता, 2022 च्या बर्ड फ्लूनंतर, पुन्हा उतार रिकामे दिसतात. हे सांगताना तुमचा आवाज बदलला. मला तेव्हा वाटलं, या बेटावर राखणं हे घराघरातलं काम असावं. कोणी दिवा राखतो, कोणी पक्षी, आणि तुम्ही त्या दिवशी एका परक्या म्हाताऱ्याचा मान राखलात.

कड्याशी पोचल्यावर गॅनेट पक्ष्यांचा तो कालवा, तो उग्र वास, खाली पांढरा झालेला खडक, आणि उत्तरेला तो मनोरा. मला वाटलं होतं बाबा रडतील. त्यांनी प्रश्नच विचारायला सुरुवात केली. होडी कुठे लागायची? ड्युटी बदलायची तेव्हा समुद्र खवळला तर काय करायचे? रसद किती दिवसांची? तुम्ही प्रत्येकाचं उत्तर दिलंत, बोट दाखवून. 1995 मध्ये शेवटचे किपर उतरले आणि आता दिवा आपोआप चालतो हे ऐकल्यावर बाबा जरा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, ‘आणि काच कोण पुसतं?’ तुम्ही हसला नाहीत. माणसं हेलिकॉप्टरने येतात, काम करून जातात, असं नीट सांगितलंत. एवढ्यावर बाबांचं समाधान झालं नाही, ते आजही त्या काचेबद्दल बोलतात.

घरी आल्यापासून बाबा शेजाऱ्यांना, माझ्या नणंदेच्या मुलांना, दूधवाल्याला, सगळ्यांना मकल फ्लगा वाजवून दाखवतात. टेबलावर, जिन्याच्या कठड्यावर. आणि मग खांदेरी. त्या सहलवाल्याच्या खुर्चीत गप्प बसलेला माणूस हाच, हे आठवलं की मला तुमच्या पाया पडावंसं वाटतं. आमच्याकडे मोठ्यांच्या पाया पडतात. इथूनच पडते, चालवून घ्या.

एक पार्सल निघालं आहे. त्यात आमसुलं आहेत, ती पाण्यात भिजत घालून साखर-मीठ घालून प्यायची. लेक तुम्हाला नीट लिहून पाठवेल. सोबत बाबांनी वहीच्या कागदावर काढलेला खांदेरीच्या दीपगृहाचा आराखडा आहे, जिना कुठे, लेन्स कुठे, बाबांची खोली कुठे. अक्षर थरथरलं आहे, काही लागलं नाही तर फोन करा. तुमच्या दुपारी केलात तर आमच्याकडे संध्याकाळ असते आणि बाबा ओटीवरच असतात. होडीबद्दल त्यांचे अजून दोन प्रश्न राहिले आहेत, ते त्यांनी लिहून ठेवले आहेत.

तुमची,
खांदेरीच्या दिवेवाल्यांची मुलगी