हरणांसाठी ओटचं बियाणं

विस्कॉन्सिन
१७ ऑगस्ट

प्रिय दिनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "हरणांसाठी पेरणी? मुद्दाम?" आणि माझी जीभ अडखळली. रात्र-रात्र माळ्यावर जागल करून रोही हाकलणाऱ्या माणसाला हे सांगायचं तरी कसं? म्हणून सविस्तर लिहितोय.

घरामागे अर्ध्या एकराची पट्टी आहे, तुझ्या हिशेबाने वीस गुंठे. पलीकडे ओकचं रान, त्यात पांढऱ्या शेपटीची हरणं. इथल्या बऱ्याच काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांत, हरणांना मका टाकायला बंदी आहे. सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग २००२ मध्ये इथे सापडला. एकाच ढिगात तोंडं घातली की लाळेतून तो पसरायची भीती. जमिनीत पेरलेला चारा मात्र चालतो. शेजारचे आजोबा नोव्हेंबरात शिकार करतात, मी करत नाही. मला संध्याकाळी पाडसं घेऊन आलेल्या माद्या बघायच्या असतात. सोयाबीनची नासाडी इथेही होते बरं का, आजोबांच्या शेताची एक कड दरवर्षी हरणंच खातात.

आता बियाण्याचं. गेल्या वर्षी मी घोड्यांच्या खाद्याचा ओट स्वस्त मिळाला म्हणून तोच फेकला. पोत्यावर टॅग नव्हता, मीही विचारलं नाही. उगवलं ते टक्कल पडल्यासारखं, आणि मधूनमधून रानमोहरी. फार वाईट वाटलं रे. २०२० साली सोयाबीन उगवलंच नाही तेव्हा तू बांधावर बसून होतास, ते आठवलं. माझं तर पोटही त्यावर नव्हतं.

यंदा तुझीच पद्धत केली. तू गोणपाटात शंभर दाणे गुंडाळतोस, मी ओल्या फडक्यात गुंडाळले. एकात खाद्याचा ओट, दुसऱ्यात प्रमाणित बियाणं. फडकी स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर ठेवली, रोज पाणी शिंपडलं. सातव्या दिवशी उघडली तर पहिल्यात ५८ कोंब, काही दाण्यांवर करडी बुरशी. दुसऱ्यात ९३, पांढरीशुभ्र मुळं फडक्याच्या विणीत घुसलेली, सोडवताना तुटत होती. तिथेच निर्णय झाला.

दुकानात गेल्यावर मोठ्या शिंगांच्या नराचा फोटो असलेली पिशवी समोरच मांडलेली असते. ती मी उलटी करतो आणि टॅग वाचतो: शुद्धता, उगवण, तणाचं बी, तपासणीचा महिना. शुद्धता ९८ टक्के आणि उगवण ९० टक्के असेल तर खरं जिवंत बी ८८ टक्के. दर त्यावर काढायचा. फोटोवाली पिशवी मला साध्या प्रमाणित ओटच्या दुपटीहून महाग पडत होती, आणि टॅगवर वेगळं काही नव्हतं.

थंडी सोसणारे ओट दक्षिणेत, अर्कान्सास-जॉर्जियाकडे, कामाचे. तिथे ते हिवाळा काढतात. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत ओट मरतोच, मग त्या गुणाचे पैसे कशाला मोजायचे? मला हवा उशिरा निसवणारा, म्हणजे ओंबी उशिरा टाकणारा, पानं जास्त देणारा चाऱ्याचा ओट. लवकर पेरला तर ताट जून होतं आणि हरणं तोंड लावत नाहीत. म्हणून ऑगस्टचा दुसरा पंधरवडा.

फोकून पेरायला एकरी शंभर पौंड धरले, म्हणजे माझ्या पट्टीला पन्नास पौंडांची एक पिशवी पुरते, साधारण पावणेतेवीस किलो. बी इंचभर मातीखाली जायला हवं. आजोबांनी रूळ फिरवायचं कबूल केलंय. रूळ फिरला की वरून लाल क्लोव्हर टाकेन, लसूणघासासारखा चारा असतो तो. त्याचं बी मोहरीहून बारीक, खोल गाडलं की संपलं. त्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू, चोळायचं, तुझ्या सोयाबीनसारखंच, फक्त या पिकाचा जिवाणू वेगळा. ओट थंडीत गेला तरी वसंतात क्लोव्हर उभा राहतो.

पट्टीच्या मधोमध जाळीचा एक पिंजरा ठोकलाय, हातभर रुंद. आतलं हरणांना खाता येत नाही. आतलं आणि बाहेरचं शेजारी-शेजारी बघितलं की त्यांनी किती खाल्लं ते कळतं. फोटो पाठवेन.

बुधवारी पाऊस सांगितलाय, मंगळवारी पेरतो. तुझं सोयाबीन फुलोऱ्यात असेल ना? रोह्यांनी यंदा किती खाल्लं ते खरं-खरं लिही. वहिनींना नमस्कार, आणि जागलीला एकटा जाऊ नकोस.

तुझा,
शिरीष