ओवाळणीतले रेसिंग पॅड

मा. संपादक,

घाटात गाडी चालवणाऱ्यांनी ‘परफॉर्मन्स’ ब्रेक पॅड (चाकाची चकती, म्हणजे डिस्क, चिमटून धरणाऱ्या पट्ट्या) बसवावेत, असा सल्ला रविवारच्या पुरवणीत वाचला. मी वाईला राहते आणि पाचगणीच्या शाळेत शिकवते. गेली नऊ वर्षं पसरणी घाट रोज चढते-उतरते. हा सल्ला मी स्वतःच्या गाडीवर करून पाहिलाय, म्हणून हे पत्र.

दोन पावसाळ्यांपूर्वी शाळेतल्या तिघींना घेऊन घाट उतरत होते. जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली गेलं. तीन-चारदा दाबल्यावर कसाबसा ब्रेक लागला. हे धाकट्या भावाला कळलं. तो पुण्याला असतो आणि हौसेने कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर गाडी पळवून येतो. भाऊबीजेला त्याने ताटात साडीऐवजी एक खोकं ठेवलं. आत रेसिंगचे पॅड!

ते बसवले आणि थंडी सुरू झाली. सकाळी साडेसहाला गाडी काढली तर गणपती आळीच्या तोंडाशीच दूधवाल्याची मोटरसायकल आडवी आली. नेहमीसारखा ब्रेक दाबला, गाडी सरकतच राहिली. सगळा जोर लावला तेव्हा थांबली, मध्ये हातभर जागा उरली असेल. असले पॅड तापल्यावर पकडतात, गार असताना नाही. रेसच्या ट्रॅकवर प्रत्येक वळणाआधी जोरात ब्रेक मारून डिस्क तापलेली राहते. आमच्या आळीत ती कुठून तापणार? शिवाय डिस्क भराभर झिजते आणि आवाज वेगळाच. शाळेच्या फाटकाशी माझी गाडी अशी किंचाळायची की मी वर्गात पोचेपर्यंत वह्या उघडलेल्या असत. फायदा म्हणायचा तर एवढाच.

शेवटी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून आत बोट बुडवलं. ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं. “मॅडम, दोष पॅडमध्ये नव्हताच. निम्मा या डबीत आहे नि निम्मा तुमच्या पायात.” राग आला, पण खरं होतं. गाडी घेतल्यापासून ऑइल बदललंच नव्हतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती हद्द १५५ अंशांवर येऊ शकते. चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरलं की ते नळीत उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातं. पेडल घट्ट आहे, तरी गाडी थांबत नाही, असं झालं तर पॅड अति तापलेत असं समजावं. माझं पेडल मऊ झालं होतं. म्हणजे भावाने औषध दिलं ते भलत्याच दुखण्यावर.

मिस्त्रींनी ऑइल बदललं, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या अडकलेल्या पिना साफ करून ग्रीस लावलं, खरवडलेल्या डिस्क बदलल्या आणि कंपनीचे साधे पॅड बसवले. मग मला शेजारी बसवून पाचवडच्या रस्त्याला नेलं. मागे कोणी नाही असं बघून साठवरून पंधरापर्यंत वेग आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा. त्याने पॅड आणि डिस्कची जोडी जमते. नंतर ब्रेक न मारता सावकाश चालवत गार करायचं. परत येताना म्हणाले, “टायर बघितले का कधी?” आठ वर्षांचे होते. साध्या पॅडनेही एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सुरू होत असेल, तर भारी पॅड घालून गाडी आणखी जवळ थांबत नाही, तिथे पकड टायरचीच. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आता दुसऱ्या गिअरमध्ये उतरते. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

ज्यांना पॅड बदलायचेच आहेत त्यांनी पुष्कळ पॅडच्या पाठीवर किंवा कडेला छापलेली दोन इंग्रजी अक्षरं बघावीत. पहिलं अक्षर कमी तापलेल्या पॅडची पकड सांगतं, दुसरं जास्त तापलेल्या. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक (पकडीचं माप) ०.३५ ते ०.४५, ‘ई’ त्याखालचं, ‘जी’ त्यावरचं. ही टिकाऊपणाची प्रतवारी नव्हे, आणि अक्षरं तीच असली तरी दोन पॅड गाडीत वेगळे वागू शकतात. पण गावात चालवणाऱ्याने पहिलं अक्षर आधी विचारावं. मला ज्या दुकानदाराने भावाने आणलेले पॅड बसवून दिले, त्याने “सगळ्यात भारी माल आहे” एवढंच सांगितलं होतं.

पुरवणीतल्या लेखात ना ब्रेक ऑइलचा उल्लेख होता, ना टायरचा, ना गार पॅडचा. पावसाळ्याआधी या तीन गोष्टींवर एखादी चौकट छापावी, एवढी विनंती.

— एक शिक्षिका, वाई (जि. सातारा)