टेबलाच्या पलीकडून

अनगोळ, बेळगाव

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पुण्यातलं ट्रेनिंग शनिवारी संपतंय आणि सोमवारपासून उद्यमबाग, मच्छे, होनगा, हत्तरगी, वर निपाणी-कोल्हापूर एवढा एरिया तुझ्या अंगावर पडणार, असं आईकडून कळलं. फोनवर मी "बरं झालं" एवढंच म्हणालो. पुढचं तोंडानं सांगायला जमेना म्हणून लिहायला बसलोय.

तू टिपा विकणार, लेथवर धातू कापणाऱ्या. मी सव्वीस वर्षं टिपा विकत घेतल्या. सीएनएमजी १२०४०८ या टिपेच्या नंबरातलं शेवटचं आठ म्हणजे नाकाची त्रिज्या ०.८ मिलिमीटर, कास्टिंगला, म्हणजे ओतीव लोखंडाला, लाल रंगाची के ग्रेड, हे तू आता माझ्यापेक्षा नीट सांगशील. ते कॅटलॉगात असतंच. कॅटलॉगात नसतं ते सांगतो, आणि त्यात माझी काही शोभा नाही.

२०११ चा पावसाळा. आमच्या युनिटात कास्टिंगच्या जॉबवर टिपा धडाधड फुटत होत्या. एका डीलरकडची पोरगी आली, तुझ्याच वयाची, रेनकोटातून पाणी गळतंय, खांद्याला टूलची बॅग. मी वर बघून विचारलं, "तुमचे साहेब कधी येणार?" ती म्हणाली, "साहेब नाहीत, मीच आहे." मी तिला दीड तास स्टोअरबाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. काम होतं म्हणून नव्हे गं. पोरगी कंटाळून जाईल आणि आपला नेहमीचा माणूस येईल, एवढाच हिशोब.

ती गेली नाही. तिनं रेट काढलाच नाही, "संपलेल्या टिपा कुठं टाकता?" म्हणून विचारलं. डालड्याच्या डब्यातल्या जुन्या टिपा कागदावर ओतून एकेक भिंगाखाली बघितली. मग म्हणाली, "झिजल्या नाहीत, कोपरा तुटलाय. होल्डर बघू द्या." होल्डरवरची टिप काढली तर खालची शिम, म्हणजे टिपेखालची बैठकीची चकती, एका बाजूला दबलेली. टिप बसायची, पण डुलायची, आणि कास्टिंगची कडक साल लागली की टिचायची. वर ऑपरेटरला तिनं सांगितलं, पहिला कट भीत भीत घेऊ नका, सालीच्या खाली जाऊ द्या. साल घासत बसलात तर कुठलीच टिप टिकणार नाही. महागडी टिप गळ्यात मारायची संधी होती. तिनं आधी शिम बदलायला लावली. मग तिच्या टिपेची ट्रायल घेतली. प्रत्येक कोपऱ्याला किती जॉब निघाले, हे तिनं ऑपरेटरजवळ उभं राहून लिहून घेतलं.

आणि ऑर्डर मी दिली नेहमीच्या माणसाला. तोच रिपोर्ट त्याच्यापुढं टाकला, त्यानं तसलीच टिप आठ रुपये कमी लावून दिली. तिचे दोनदा फोन आले, मी "बघतो" म्हणालो. साहेबांनी मला शाबासकी दिली, मी घरी येताना कुंदा आणला. तू तेव्हा शाळेत होतीस, तो कुंदा तूही खाल्लीस.

तुला हे होणार. बाईमाणसाला जरा जास्तच होणार, कारण ती भांडायला येणार नाही असं समोरचा धरून चालतो. मी धरलो होतो. म्हणून टेबलाच्या या बाजूचं गणित ऐक. ट्रायलच्या आधी विचार, "निकाल आला तर किती नगांची ऑर्डर?" उत्तर मेलवर घे, तोंडी नको. ट्रायलला फुकट टिपा ठेवून येऊ नको, छोटी का होईना पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, घे. रिपोर्टवर ऑपरेटर आणि सुपरवायझर दोघांची सही घे आणि मूळ प्रत आपल्याकडं ठेव. आणि टिपेच्या रेटवर भांडत बसू नको. समज, २४० रुपयांच्या टिपेला चार कोपरे, म्हणजे कोपरा ६० ला. त्यावर ३० जॉब निघाले तर जॉबला २ रुपये. ३२० च्या टिपेचा कोपरा ८० ला पडतो, पण ५० जॉब काढले तर जॉबला १ रुपया ६० पैसे. हे पर्चेसवाल्याला कळत नाही असं नाही, पण त्याला टिप स्वस्त घेतल्याबद्दल शाबासकी मिळते. हिशोब प्रॉडक्शनवाल्याच्या आणि मालकाच्या कानावर घाल.

ऑपरेटरला धरून राहा. चांगली टिप वाईट ठरवायची त्याच्या हातात असतं. मशीनजवळ जाताना पहिलं वाक्य कन्नडमधून, "ऊटा आतेन री?", जेवण झालं का, एवढं पुरे. पुण्यात तुझ्या "मी सांगितलो"ला हसतात म्हणालीस. हसू देत, तिथं तुला टिपा विकायच्या नाहीत. ओढणी घेऊन शॉपमध्ये जायचं नाही, केस बांधलेले, आणि फिरत्या चकजवळ हातमोजे नको.

आईचा एक प्रश्न आहे, तो मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. मी त्या पोरीची गोष्ट सांगितल्यावर तिनं विचारलं, "दीड तास बसली, मग संडासला कुठं गेली?" आमच्या युनिटात बायकांसाठी संडासच नव्हता. लहान युनिटांत बऱ्याच ठिकाणी नसतो. तेव्हा रोजचा रूट आखताना मोठी कंपनी किंवा ओळखीचं घर मधे येईल असं बघ. पाणी कमी पिऊन दिवस काढू नको.

कोणी वेडंवाकडं बोललं तर गिऱ्हाईक मोठं आहे म्हणून गिळू नको. कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामासाठी गेलेली जागाही कामाचीच जागा धरली आहे. तुमच्या कंपनीत तक्रारीची कमिटी असणार, दहा किंवा जास्त माणसं असली की ठेवावीच लागते. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत. नंतर मला सांग. आधी मला सांगितलीस तर मी नुसता तापेन.

बसचं आईनं शोधून ठेवलंय. निपाणीपर्यंत आपल्या कर्नाटकाच्या सरकारी बसला शक्ती योजनेतलं बायकांचं फुकट तिकीट, आधार कार्ड जवळ ठेव. हद्द ओलांडली की एसटीत अर्धं. कोल्हापूरला शिरोलीत गेलीस तर अंधाराच्या आत परत, हे तिचं वाक्य आहे, माझं नव्हे. कोल्हापूरच्या बिलाला आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा जीएसटी, लागतो हे मात्र माझं.

त्या पोरीचा रिपोर्ट अजून माझ्या फायलीत आहे. अक्षर सुरेख, रकाने सरळ. नमुना म्हणून तुला देतो, वरचं नाव वाचून ठेव. ती अजून या लाइनीत असेल तर कुठंतरी गाठ पडेल. मुलगी कुणाची हे सांगायचं की नाही, ते तू बघ.

माझ्या जुन्या युनिटात गेलीस तर माझी ओळख काढू नको. आणि तिथं सकाळीच जाऊन ये. संडास अजून झालेला नाही.

तुझा,
बाबा