उद्योगमंत्र्यांना खुले पत्र : निर्णय कडू असला तरी आधी कळवा

मा. उद्योगमंत्री,
कर्नाटक राज्य

स. न. वि. वि.

साहेब, मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्री, म्हणजे लोखंड ओतण्याचा कारखाना चालवतो. ‘संकटकाळातील नेतृत्व’ अशा विषयांवरच्या शिबिरांची निमंत्रणं आम्हा लहान कारखानदारांना अधूनमधून येतात. जेवण चांगलं असतं, पडद्यावर बाण आणि वर्तुळंही पुष्कळ असतात. पण ऑर्डर थांबल्यावर पहिल्या आठवड्यात पैसे कुणाला द्यायचे आणि कुणाला थांबवायचं, हे तिथे कुणी सांगत नाही. आमच्या धंद्यात नेतृत्वाची खरी परीक्षा तिथेच होते.

मार्च 2020 मध्ये देश बंद झाला. भट्ट्या थंडावल्या, मोठ्या गिऱ्हाइकांनी मालही थांबवला आणि बिलंही. तेव्हा आमच्या भागात जे टिकले त्यांची रीत साधारण एकच होती. आधी कामगारांचा पगार, निम्मा का होईना, पण सांगितलेल्या तारखेला. मग जॉबवर्क करणारे, म्हणजे आमचं काम मजुरीवर करून देणारे, कारण एक लेथ घेऊन बसलेल्या माणसाकडे महिनाभर कळ काढण्याचीही ताकद नसते. पिग आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा, व्यापारी शेवटी. त्याला मात्र त्याचा फोन येण्याआधी आपण फोन करायचा. बँकेत हप्ता चुकण्याआधीच जाऊन बसायचं. आणि कामगारांना गेटवर जमवून ऑर्डर किती उरली, पैसे किती उरले, हे आकड्यांत सांगायचं. खरं ऐकून काही जण गावी गेले, हेही लिहायला हवं. पण ज्यांना खरं सांगितलं होतं ते बोलावल्यावर परत आले. ज्यांना ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणून झुलवलं, त्यांनी दुसरीकडे काम धरलं.

त्या काळात सरकारनेही चांगलं केलं. त्या मे महिन्यात लहान उद्योगांना वीजबिलातला दोन महिन्यांचा स्थिर आकार माफ झाला. बंद भट्टीचं बिल भरावं लागलं नाही, हे आम्ही विसरलेलो नाही.

मात्र 2023 सालचं वीजबिलही आमच्या लक्षात आहे. राज्याच्या वीज नियामक आयोगाचा दरवाढीचा आदेश मे महिन्यात आला आणि दर लागू झाले 1 एप्रिलपासून. सरासरी युनिटमागे 70 पैसे. विजेवर लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीवाल्याच्या खर्चात वीज किती असते, ते तुमच्या अधिकाऱ्यांना विचारा. एप्रिलमध्ये ओतलेला माल आम्ही जुन्या दराने विकून मोकळे झालो होतो. गिऱ्हाइकाकडे जाऊन ‘मागच्या महिन्याचे थोडे वाढवून द्या’ म्हणायची सोय नसते. जूनमध्ये बिलं हातात पडली तेव्हा राज्यभरचे उद्योजक रस्त्यावर आले. आयोग स्वायत्त आहे, मान्य. पण दर वाढायचाच असेल तर तो पुढच्या तारखेपासून वाढावा, एवढं तरी सरकारने आयोगापुढे ठामपणे मांडायला हवं होतं.

थकबाकीचंही तसंच. 2006 च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं व्हायला हवं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कायदा उत्तम आहे. पण तक्रार केली की गिऱ्हाईक तुटतं, म्हणून बहुतेक जण गप्प बसतात. खासगी कंपन्यांचं राहू द्या. राज्य सरकारची खाती आणि महामंडळं यांनी लहान उद्योगांचं किती आणि किती दिवसांपासून थकवलं आहे, याची खातेवार यादी तुम्ही दर महिन्याला जाहीर करू शकता. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नाव छापलं जाणार म्हटल्यावर फायली कशा पळतात, हे मी तुम्हाला काय सांगणार!

या शहराला एक जुनी सल आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर इथेच घडवला, पण शहरवाढीसाठी नगरपालिकेला त्यांची जागा हवी होती. 1910 मध्ये ते कारखाना घेऊन कुंडलच्या माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीला, गेले, कारण औंधच्या राजांनी जमीन देऊ केली. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा मैसूर संस्थानातल्या जुन्या तोफा विकत घेऊन त्यांनी वितळवल्या. त्या मिळवून द्यायला मदत केली दिवाण विश्वेश्वरय्यांनी. परक्या संस्थानातल्या मराठी कारखानदाराला मैसूरच्या दिवाणाने हात दिला, हे आज सीमेच्या दोन्ही बाजूंना आठवायला हरकत नाही.

सीमेवरून आठवलं. ऑगस्ट 2019 च्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. आमचा माल कोल्हापूर-पुण्याला जातो. रस्ता बंद झाल्याचं आम्हाला कळतं ते राज्याच्या हद्दीवर कोगनोळीला अडकलेल्या ड्रायव्हरच्या फोनवरून. बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मिळून एकच सूचना काढली, पाणी कुठवर चढलं की रस्ता बंद करणार ते आधी सांगितलं, तर आम्ही गाडी भरणारच नाही.

हिवाळी अधिवेशनासाठी तुम्ही बेळगावच्या विधिमंडळ इमारतीत, सुवर्ण विधानसौधला येता. तिथून उद्यमबाग फार लांब नाही. यंदा एक सकाळ द्या. हार-तुरे नकोत. ऊर्जा खात्याचे आणि आम्हाला वीज देणाऱ्या हेस्कॉम कंपनीचे अधिकारी सोबत आणा आणि ती थकबाकीची यादीही आणा. या पत्राची कन्नड प्रत जोडली आहे. आकडे दोन्हींत तेच आहेत.

आपला,
उद्यमबागेतील एक फौंड्रीचालक, बेळगाव