जिजी, गुलाबी मेणबत्तीवरून मी तुमच्याशी भांडले होते

प्रिय जिजी,

प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र मी सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवेल तेव्हा तुम्ही "हाई कसाले लिखं वं बेटी?" असंच म्हणाल. पण तुम्ही काय केलंत ते आपल्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांना ठाऊक नाही, आणि मी तुम्हाला काय बोलले होते ते मात्र बऱ्याच जणांनी ऐकलं होतं. म्हणून आभारही सगळ्यांच्या देखतच मानते.

मागच्या नोव्हेंबरातली ती बैठक आठवते ना? नाताळच्या सजावटीचं काम माझ्याकडे होतं. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांसाठी हिरव्या डहाळ्यांचं चक्र आणि चार मेणबत्त्या मी मुंबईहून मागवणार होते: तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारच्या आनंदाची एक गुलाबी. तुम्ही मागून एवढंच म्हणालात, की ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरी म्हातारी माणसं एकटी पडलीत, थंडी वाढतेय, या पैशांत दोन गोधड्या होतील. मी तुम्हाला पुढं बोलू दिलं नाही. "उपासनेच्या गोष्टीत काटकसर नको," असं म्हणाले आणि वहीत खर्च लिहून टाकला. तुम्ही गप्प बसलात.

१ डिसेंबरला पहिला रविवार होता. संध्याकाळी मी पहिली मेणबत्ती लावली. त्याच रात्री दोन वाजता आई पाणी प्यायला उठली आणि माठाजवळच पडली. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. गावातल्या जीपमधून अमळनेरहून जळगाव गाठेपर्यंत मी तिचा हात धरून होते, आणि त्या हातात काही जीव नव्हता. भाऊ सुरतला. इकडे चार एकर कपाशी फुटलेली, वेचणीला बाया मिळत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डच्या दारात तुम्ही उभ्या होतात. एका हातात डबा, दुसऱ्या हातात तुमची स्वतःची गोधडी. तुम्ही बैठकीचा विषय काढला नाहीत. आजपर्यंत काढला नाहीत.

त्यानंतरच्या एकोणीस रात्री मी विसरूच शकत नाही. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी आईची कूस बदला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी दिवसभर धावपळ करून रात्री बाकावर मुटकुळं करून झोपून जायची. तुम्ही मात्र बरोबर उठायच्या. एकदा पहाटे तीनच्या सुमाराला मला जाग आली, तेव्हा तुम्ही आईच्या पाठीखाली हात घालून तिला हळूच वळवत होतात आणि तिच्याशी अहिराणीत बोलत होतात. गहू पेरून झाला, अमकीची म्हैस व्याली, तमक्यांच्या घरी करंज्यांचा घाट घातलाय. तिला उत्तर देता येत नव्हतं, तरी तुम्ही मध्ये थांबायच्या, जणू ती काही बोलतेय. मग सलाइनची बाटली बघून पुन्हा खाली बसायच्या. "जागे राहा" हे प्रभूचं वचन आगमनकाळात मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्याचा अर्थ म्हणजे पापापासून सावध राहणं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कुणासाठी तरी खरोखर डोळे उघडे ठेवून रात्र काढायची असते, हे मी तुमच्यात पाहिलं.

कपाशीचं तर मला नंतर कळलं. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायावर संदेश दिला. लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्यानं ज्याला नाही त्याला एक द्यावा. उपासना सुटल्यावर तुम्ही बायांना दारातच थांबवलंत आणि म्हणालात, "अंगरखा नही तं नही, हात तं दोन शेतस." सोमवारी अकरा जणी आमच्या वावरात होत्या. दव वाळल्यावर ओट्या बांधून उतरल्या त्या दिवस मावळेपर्यंत. दोन दिवसांत साडेसहा क्विंटल कापूस घरात आला. भाऊ मजुरी द्यायला गेला तर कुणीच घेईना. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटलेली, आणि त्यातल्या निम्म्या जणींची स्वतःची वेचणी बाकी होती.

जिजी, दवाखान्यातल्या एका रात्री तुम्ही मला विचारलं होतं, "ही चार मेणबत्त्यांची रीत आली कुठून?" मला सांगता आलं नव्हतं. नंतर मी शोधून वाचलं. १८३९ साली जर्मनीत, हॅम्बुर्गमध्ये, योहान हिन्‍रिख विखर्न नावाचे एक सेवक गरीब, निराधार मुलांचा सांभाळ करायचे. नाताळ कधी येणार, असं मुलं रोज विचारायची. त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या, रोजच्यासाठी लहान, रविवारसाठी मोठ्या. रोज एक पेटायची आणि मुलं दिवस मोजायची. डहाळ्या, रंग हे सगळं पुढं जोडलं गेलं. ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी निघालेली ही रीत, आणि मी तिच्याच नावाखाली तुमच्या गोधड्या नाकारल्या. हे वाचलं त्या रात्री फार रडले मी. तुम्ही त्या बैठकीत आगमनकाळाचंच बोलत होतात, सजावटीवर बोलत नव्हतात.

मला मेणबत्त्या नकोशा झाल्या आहेत असं नाही. चौथी पेटली तेव्हा आम्ही आईला घरी आणलं होतं, आणि खिडकीतून दिसणाऱ्या चर्चच्या उजेडाकडे ती किती वेळ बघत होती. तो उजेड मला हवाच आहे. पण आता तो बघताना मला वॉर्डमधली तुमची पाठ दिसते.

आई आता काठी धरून ओट्यापर्यंत येते. उजव्या हातात वाटी धरते, थोडी सांडते. नाव मात्र पहिलं तुमचंच स्पष्ट घेतलं, माझं नंतर.

या वर्षी ३० नोव्हेंबरला पहिला रविवार आहे. मेणबत्त्या गावच्या दुकानातल्या पांढऱ्याच आणल्यात. चाक आमच्या गोठ्यातल्या मोडक्या बैलगाडीचं आहे, भावानं घासून ठेवलंय. पहिली मेणबत्ती तुम्ही आणि आईनं मिळून लावायची, हे मी पाळकसाहेबांना विचारून ठेवलंय. मंडळीनं चौदा गोधड्या शिवून घेतल्यात. त्या कुणाकुणाला द्यायच्या हे तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. शनिवारी दुपारी घरीच थांबा. भाऊ सुरतहून आला की आम्ही दोघं गोधड्या घेऊन तुमच्याकडे येतो.

तुमची,
कपाशीवाल्या घरातली लेक