आई, बटणांवर काय लिहू ते कळव

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परिषदेत गळ्यात घालायला मिळालेला माझा तो बॅज आठवतो का? नाव दाखवणारी छोटी स्क्रीन आणि खाली बटणं. तीन वर्षं खणात पडून होता. आता तो तुमच्या पलंगाशेजारी बसणार आहे, दिवे लावायला.

आई रात्री अंधारात चाचपडत बटणापर्यंत जाते हे कळल्यापासून माझ्या मनाला घोर लागला होता. फोनवरून दिवे लावायला बाबांनी नाही म्हटलं ते मला पटलं. दिव्यासाठी आधी चष्मा का शोधायचा? बॅजची बटणं बोटांना अंधारातही सापडतात.

आत ईएसपी३२ नावाची चिप आहे, वायफाय तिच्यातच आहे. तिच्या जुन्या प्रोग्रामची प्रत काढून ठेवली आणि नवा घातला. बटण दाबलं की बॅज एक इवलासा निरोप पाठवतो आणि स्विचबोर्डातला रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारं छोटं स्विच, दिवा लावतो. बाबा, निरोपाची ही पद्धत, एमक्यूटीटी, १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी तयार झाली. जोडणी महाग आणि संथ, म्हणून निरोप मोजकेच शब्द घेऊन जातो. आपल्याकडे तो घराबाहेर जातच नाही, इंटरनेट बंद असलं तरी दिवा लागेल. आणि भिंतीवरचं बटण पूर्वीसारखंच चालेल, तशी जोडणी वायरमनकडून करून घेणार आहे. बॅजची चिप ३.३ व्होल्टवरच चालते, त्याला हात लावायला भिऊ नका. जुनी बॅटरी फुगायला लागली होती, ती काढून टाकली. आता तो मोबाइलच्या चार्जरवर चालेल.

एका गोष्टीवर मी फार वेळ घालवला. बटण दाबल्याबरोबर स्क्रीनवर 'चालू' लिहिणं सोपं होतं, पण मग दिवा लागलाच नाही तरी 'चालू' दिसलं असतं. म्हणून रिलेकडून पोच आल्यावरच शब्द बदलतो. शिवाय ही स्क्रीन ई-पेपरची आहे, वीज गेली तरी शेवटचं चित्र तसंच राहतं. म्हणून खाली वेळ छापली आहे, ती दर पाच मिनिटांनी बदलते. वेळ जुनी दिसली तर स्क्रीनवर विसंबू नका, दिव्याकडेच बघा. शब्द बदलताना स्क्रीन क्षणभर काळी-पांढरी लुकलुकते, तो बिघाड नाही.

गिझर मात्र मी जोडणार नाही. त्याचा करंट इतक्या छोट्या रिलेला झेपणारा नाही आणि तुमच्या घरात मला तो धोका नको.

आई, एक काम तुझ्याकडे. या स्क्रीनला जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत, म्हणून प्रत्येक शब्दाचं चित्र करून आधीच आत घालावं लागतं. मी 'पॅसेज' घातलंय, पण तू त्याला बोळकांडी म्हणतेस. चारही बटणांची नावं तुझ्या शब्दांत सांग. रविवारी फोन करते, तेव्हा लिहून घेईन.

तुमची लेक