वायरमन मामा, तुम्ही आम्हाला दादाजवळ जाऊ दिलं नाही, त्याबद्दल

आदरणीय मामांना,
साष्टांग नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं कळलं, पण कुठं झाली ते कुणी नीट सांगेना. म्हणून हे पत्र उघडच लिहितोय. अंबाजोगाई भागातलं कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवीलच.

दादाला तुम्ही दवाखान्यात नेलं, हे गावात सगळे सांगतात. मला आभार मानायचेत ते त्याच्या आधीच्या काही मिनिटांचे. बोअरमधली मोटर काढताना पाईप वरच्या 11 केव्हीच्या तारेला टेकला, दादा लांब फेकला गेला आणि आम्ही सगळे त्याच्याकडं धावलो. तुम्ही डीपीवर फ्युज टाकायला आला होता. तिथून ओरडत आलात आणि बनियन फाटेस्तोवर मला मागं ओढलंत. आई तेव्हा तुम्हाला नाही नाही ते बोलली. तिनं आता तुमच्या नावानं नारळ फोडलाय, तेवढं पोटात घाला.

जाळ थांबला होता, आवाजही बंद झाला होता. आमच्या लेखी लाईट गेलेली. पण पाईप अजून तारेवरच होता. लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, की सबस्टेशनवरून थोड्या वेळानं ट्रायल घेतात, म्हणजे ती पुन्हा चालू करून बघतात. एखादी फांदी घासून गेली असेल तर लाईन टिकते. हे आम्हा पाईप ओढणाऱ्यांना कुणी कधी सांगितलेलं? तुम्ही फोनवर ओरडलात, "ट्रायल घेऊ नको, लाईनवर माणूस आहे!" सबस्टेशनवरच्या ऑपरेटरनं फिडरचं, म्हणजे त्या लाईनचं, नाव उलट बोलून दाखवल्यावर आणि खांबावरचा लाईन तोडायचा एबी स्विच खोलल्यावरच तुम्ही कुणाला पुढं सोडलं. तोवर, जवळची जमीनसुद्धा झटका देते, लांब ढांगा टाकू नका, पाय जुळवून घासत मागं व्हा, असं सगळ्यांना बजावत होता. ती ट्रायल आली असती तर त्या बोअरवर दादा एकटा पडला नसता.

दुसरे आभार दवाखान्यातले. दादाच्या तळहाताला बारकी काळी जखम आणि तळपाय फाटलेला, बाकी अंग धड. अपघात विभागात तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत, "अकरा हजार व्होल्ट आहे, जखमेवर जाऊ नका." करंट एकीकडून शिरतो, दुसरीकडून निघतो आणि मधलं मांस आतून भाजतो, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. भाजलेल्या स्नायूंतलं द्रव्य रक्तात उतरून किडनीत अडकतं. दादाची लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. सलाईनवर सलाईन चालली, हृदयाच्या ठोक्यांवर रात्रभर लक्ष होतं. उजवा हात मनगटाच्या वर काढावा लागला. किडन्या वाचल्या.

तुम्ही रानात टेप लावून दाखवलेला हिशोब मी आता प्रत्येक गँगला सांगतो. रानातून जाणारी 11 केव्हीची उघडी तार नियमानं जमिनीपासून किमान 4.6 मीटर, म्हणजे साधारण 15 फूट हवी. आपला पाईप 20 फुटी. म्हणजे तार नियमात असली तरी पाईप तिला लागणारच! आणि थ्री फेज गेलं म्हणजे तार मेली, असं आपल्याकडं निम्मं गाव समजतं. सिंगल फेजवर ती जिवंतच असते. आता तारेखालचा बोअर असला की शटडाऊन मिळाल्याशिवाय आम्ही पाईप काढायचा स्टँड उभा करत नाही. शेतकरी कुरकुरतात, लाईटची पाळी बुडते म्हणतात. बुडू दे.

पंचनामा करून घ्या, विद्युत निरीक्षकाकडं कळवा, हेही तुम्हीच कानात सांगितलं. नोकरीत असून सांगितलं, ही सोपी गोष्ट नाही. गँगच्या मालकानं आधी हात वर केले होते. तेव्हाच्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्याखाली अर्ज केलाय, तारखा चालू आहेत.

दादा आता मोटरच्या दुकानात गिऱ्हाईक सांभाळतो, डाव्या हातानं पावत्या लिहितो. अक्षर आधीही वाईटच होतं.

यंदा येळवसीला, वेळ अमावास्येला, मामींना घेऊन रानात जेवायला या. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं असेल. आईनं तुमच्यासाठी धोतरजोडी घेऊन ठेवलीय. तुम्ही पँट घालता हे सांगितलं, ती ऐकत नाही.

तुमचा,
दादाचा धाकटा भाऊ